तीन तुकड्यांतला एक

ब्लॉकमध्ये तीन ठिपके असायला हवे होते, आणि दिसत होता एकच. चाकावरचा माझा हात थांबला. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. एकच. मेणाच्या पांढऱ्या चौकोनात खालच्या कोपऱ्याला तिळाएवढा एक करडा ठिपका, बाकी नुसतं मेण, गुळगुळीत, माझ्याच पात्यानं छान तासलेलं. मग नजर खटक्याकडे गेली. खटका जाड कापावर होता. आधीचा ब्लॉक गर्भाशयाचा होता, चांगला सुपारीएवढा. वरचं मेण तासून त्याचं तोंड उघडायला खटका जाडवर घेतला होता आणि परत बारीकवर आणायचा राहून गेला होता. सव्वीस वर्षं मी या खोलीत एकच पाढा घोकून घेत आले, खटका बघा, चाकाला हात लावायच्या आधी खटका बघा. नवीन आलेल्यांना तर मी इतकी पिडायचे की पाठीमागे मला खटकाबाई म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि मला त्याचा रागही नाही. आणि आज मीच. शेजारच्या यंत्रावरच्यानं मान वळवली. त्याला सगळे सुसाट म्हणतात, कारण तो कामही तसंच करतो आणि गाडीही तशीच चालवतो. "काय झालं ताई?" म्हणाला. "काही नाही रे, मेण जरा मऊ आहे आज," मी म्हटलं. मेण अजिबात मऊ नव्हतं.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर त्याला वाटतं, एवढंच? रोग्याच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, मेणाचा ठोकळा यंत्राला लावायचा, चाक फिरवायचं. एकेका फेऱ्याला केसाहूनही बारीक काप निघतो, कापांची फीत होते, ती कोमट पाण्यावर सोडायची, काचेवर उचलायची, रंगवायची. ती काच वरच्या मजल्यावर मोठ्या बाईंकडे जाते, त्या सूक्ष्मदर्शकातून बघतात आणि लिहितात, आणि त्यांनी लिहिलेल्या दोन ओळींवर पुढे कुणाचं तरी घर उभं राहतं किंवा बसतं. मोठ्या बाईंचं नाव दारावर असतं. आमचं कुठंच नसतं. पण तुकडा पात्याखाली गेला की गेला. मोठ्या तुकड्याचं काही नाही, त्यातून शंभर काप निघतील. दुर्बिणीतून चिमट्यानं काढलेला तुकडा मात्र तिळाएवढा असतो. जाड कापावर चाळीस-पन्नास फेरे, आणि त्याची खाली मेणाच्या भुशात रवानगी. चाळीस-पन्नास फेरे म्हणजे किती? शेजारी कुणी विनोद सांगत असेल, तर तो संपायच्या आत.

आणि हा तुकडा माझा होता. माझ्याच अन्ननलिकेतला, छातीच्या हाडामागून, जिथं नळी जठराला मिळते तिथून थोडा वरचा. नंबर सोडला तर ठोकळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं आणि फॉर्मवर मी माहेरचं नाव घातलं होतं, ज्या नावानं मला तीस वर्षांत कुणी हाक मारलेली नाही. आमच्याकडे रीत अशी आहे की आपलं कुणी असलं, आई, भाऊ, शेजारीण कुणीही, तर यंत्रावरून उठायचं, "माझं आहे" एवढंच म्हणायचं, आणि दुसऱ्यानं काही न विचारता काम घ्यायचं. चांगली रीत आहे. मीच तिच्या बाजूनं कितीदा भांडले. पण "माझं आहे" म्हटलं असतं तर ब्लॉक सुसाटच्या हातात गेला असता. त्याच्या हाताखाली माझे तीन तुकडे द्यायचे? म्हटलं, या खोलीत त्यांना माझ्याइतकं जपणारं कोण आहे? सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मीच ते मेणात बसवले, कुणी बघू नये म्हणून घाईघाईनं, आणि घाईत तिन्ही एका पातळीवर बसले नाहीत. दोन वर राहिले, एक खाली गेला. तो खाली गेलेलाच वाचला.

जळजळ मला तेरा-चौदा वर्षांपासूनची. छातीच्या मधोमध, कुणीतरी आतून गरम उलथनं फिरवावं तशी. पहाटे तोंडात कडू पाणी यायचं, उशीला पिवळट डाग पडायचे, ते मी नवरा उठायच्या आत धुऊन टाकायची. लपवायचं काय होतं त्यात? होतं. आमचे हे चाळीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी होते. सातशे माणसं त्यांच्या हातचं जेवायची. घरातला स्वयंपाकही लग्नापासून त्यांचाच, मी आत गेले की म्हणायचे, "तू लुडबुड करू नकोस, तू तिकडे तुझं काप." एकदाच मी म्हटलं होतं, जेवल्यावर फार जळजळतं हो. त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. "माझ्या हातचं जेवून? सातशे माणसांतल्या एकानं कधी तक्रार केली नाही." चेहरा इतका उतरला की बघवेना. दुसऱ्या दिवसापासून तिखट बंद, तेल बंद, सगळं अळणी आणि उकडलेलं, आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, निकाल लागायचा असल्यासारखे. मग मी म्हणायला लागले, आज बरं आहे. रोजच बरं आहे. गोळ्या ऑफिसच्या कपाटात ठेवायची आणि तिथंच चघळायची. आठ वर्षांपूर्वी पित्ताशयात खडे झाले, ते काढून टाकलं, त्यानंतर कडू पाणी वाढलं. तेही बरंच होतं. आणि दोन वर्षांपूर्वी खरंच बरं वाटलं. आपोआप. एक दिवस लक्षात आलं की आठवडाभर गोळी घेतलेली नाही. यांना सांगितलं तर असे खूश झाले, शेजारच्यांना बोलावून सांगितलं, "औषधानं नाही झालं ते पथ्यानं केलं." मीही मिरवलं त्यांच्याबरोबर. काय बावळट होते मी! मला कळायला हवं होतं. जगात कुणाला नाही तरी मला.

कारण ज्या गोष्टीनं जळजळ थांबते तिच्या काचा मी शेकड्यांनी केल्यात. दुर्बिणीच्या डॉक्टरनं मला समजवायला घेतलं तेव्हा मी गप्प ऐकून घेतलं, पोरगेलासा आहे, नवीन, मी कुठं काम करते ते त्याला ठाऊक नव्हतं. कागदावर नळी काढली, खाली पिशवी काढली. म्हणाला, "आपण बोलताना सगळ्यालाच पित्त म्हणतो मावशी, पण ही दोन वेगळी पाणी आहेत. आम्ल जठरातलं. आणि पित्तरस यकृतातून येतो, खाली आतड्यात. पित्ताशय काढून टाकल्यावर तो साठत नाही, सारखा ठिबकतो, आणि जठराच्या तोंडाचं तुमचं झाकण सैल असल्यामुळे जठरातून वर चढतो. गोळीनं आम्ल कमी होतं. पित्तरसाला गोळीशी काही देणंघेणं नाही. दोन्ही मिळून वर आली की एकट्या आम्लापेक्षा जास्त खातात." म्हटलं, खातात म्हणजे? म्हणाला, "अस्तर. आतलं अस्तर चपट्या पेशींचं असतं, थरावर थर. सारखं पोळत राहिलं की शरीर तिथं दुसऱ्याच पेशी आणून बसवतं, आतड्यात असतात तशा, उभ्या. त्यांना या पाण्याची सवय असते. म्हणून मग जळत नाही." मी विचारलं, ठाऊक असून विचारलं, मग वाईट काय त्यात? तो पेनाचं टोपण लावत म्हणाला, "बहुतेकांना काहीच होत नाही. पण परक्या जागी आलेल्या पेशी काहींच्यात बिघडायला लागतात. बिघडल्यात का, ते तुकडा बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. तुमचा घास अडकतोय म्हणून मला बघायचंच आहे."

घास अडकतोय. तोच एक शब्द मी घरात उच्चारला नव्हता. सुरुवात बिस्किटानं झाली, ऑफिसात, चहाबरोबर. गिळलं आणि ते गेलंच नाही. छातीत उभं राहिलं. वर येईना, खाली जाईना. मी उठून खिडकीशी गेले आणि पाठ करून उभी राहिले, डोळ्यांतून पाणी. मग गेलं. पुढच्या आठवड्यात भात. यांच्या धाकट्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. सात महिने तो आमच्याकडे होता. शेवटी शेवटी पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली होती, आणि हे, सातशे माणसांना वाढणारे, नरसाळं धरून त्या नळीत पातळ पेज सोडायचे, चमचा चमचा, आणि त्याला विचारायचे, "मीठ बरोबर आहे ना रे?" नळीला कुठली चव कळणार? पण तो मान हलवायचा. तो गेल्यावर हे महिनाभर चुलीपाशी गेले नाहीत. एकदा मला म्हणाले, "मी आता एकदा केलं हे. पुन्हा नाही व्हायचं माझ्यानं." कुणाला उद्देशून नव्हते म्हणाले, पण ते माझ्या मनात जे रुतून बसलं ते बसलंच. म्हणून दुर्बीण घालायला मी रजा टाकून एकटी गेले. जीभ बधिर केली, तोंडात प्लास्टिकचं कडं दिलं, नळी घशाखाली उतरली आणि मी त्या पोराचा हातच धरला. सहा तुकडे घ्यायचे होते त्याला, ओकाऱ्या थांबेनात म्हणून तिनावर सोडलं. "पुरतील," म्हणाला. "नीट कापले तर तीनही पुरतात."

सुसाट चहाला गेला. खोलीत मी एकटी. यंत्राखालच्या ताटलीत भुसा साचला होता, सकाळपासूनचा, आणि त्यात कुठंतरी मी होते. चिमटा घेतला आणि एकेक गुंडाळी उचलून कोमट पाण्यावर सोडायला लागले. गुंडाळी पाण्यावर पडली की उलगडते, मेण पसरतं, आणि आत काही असेल तर करड्या ढगासारखं दिसतं. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात नाही. सहाव्या की सातव्यात दिसलं. ठिपका. काच खाली घालून उचलला, उजेडाला धरला. आणि मग डोकं ताळ्यावर आलं. या ताटलीत माझ्या आधीच्या गर्भाशयाचा भुसा आहे, त्याच्या आधी कुणाच्या तरी मानेतली गाठ, त्याच्या आधी एका आजोबांचं आतडं. आणि ज्या उभ्या पेशी माझ्यात शोधायच्या आहेत त्या आजोबांच्या आतड्यात जन्मापासूनच आहेत. हा ठिपका त्यांचा नाही कशावरून? आजोबांचा रोग मी माझ्या नावावर चढवला, किंवा आजोबांचं धडधाकट आतडं माझं म्हणून वर पाठवलं, तर? भुशातला तुकडा काचेवर घेणं म्हणजे आमच्यात पाप आहे. खरंच पाप, दुसरा शब्द नाही. एका मुलीनं केलं होतं तसं, तर मी तिला चार माणसांत रडवलं होतं. मी काच पुसून टाकली आणि ताटली कचऱ्यात उलटी केली. मग खटका बारीकवर आणला आणि उरलेला एक ठिपका कापला. असा काप मी जन्मात काढला नसेल. फीत अशी निघाली, सरळ, एकसंध, एक सुरकुती नाही. आता काय उपयोग होता?

दुपारपर्यंत रंग चढला. वर द्यायच्या आधी आम्ही काच बघतो, रंग बसलाय का ते. रोग बघायचा नसतो, तो आमचा प्रांत नाही, पण सव्वीस वर्षांत डोळे काय मिटून बसले होते? मी काच ठेवली आणि भिंग फिरवलं. निळा रंग. हा रंग त्याच पेशी धरतात, ज्या तिथं नसायला हव्यात. गुलाबी मळ्यात एकापाठोपाठ निळे टपोरे थेंब, आकाशी, नितळ. खरं सांगते, सगळ्या काचांत मला हीच काच आवडायची. नवीन मुलींना बोलावून दाखवायची, बघ किती देखणं दिसतं. कुणाच्या छातीतलं आहे, त्याला काय वाटत असेल, असा विचार कधी शिवला नाही. आता मी ते निळे थेंब बघत बसले आणि मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं मी ज्याला बरं वाटणं म्हणत होते ते हे. हे थेंब आत येऊन बसले होते आणि मी शेजाऱ्यांना बोलावून पथ्याची कौतुकं सांगत होते. पेशी बिघडल्यात का, ते मला कळण्यासारखं नव्हतं. ते मोठ्या बाईंनाच कळतं.

मोठ्या बाईंनी काच बघितली, फॉर्म बघितला. "ताई, इथं तीन लिहिलंय. काचेवर एकच आहे."

"लहान होते बाई," मी म्हटलं. "धुताना डबीच्या जाळीतून गेले असतील." मेणात बसवायच्या आधी तुकडे जाळीच्या डबीत धुतात, तेव्हा असं होतं कधीकधी. कुणाचा दोष नसतो त्यात.

"तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार," बाई म्हणाल्या. पुन्हा भिंगाला डोळा लावला, बराच वेळ, आणि मी दाराशी उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होते. देवा, कुणाचीही पाठ मी इतका वेळ बघितली नसेल. "अस्तर बदललंय. पित्तरसाचंही काम दिसतंय. पण बिघाड नाही या तुकड्यात." मी दाराची कड धरली. बिघाड नाही. बाई लिहायला लागल्या, लिहिताना मोठ्यानं म्हणायची त्यांना सवय आहे. "तीन वर्षांनी... पुन्हा तपासणी."

तीन वर्षं. एवढंच पुरे होतं, गप्प बसायचं होतं. काच डब्यात गेली असती, मी घरी गेले असते, यांनी वाढलं असतं, मी म्हटलं असतं बरं आहे. आणि कचऱ्यात उलटे केलेले ते दोन? त्यांत काय होतं? खाली बसलेला एक चांगला निघाला म्हणून वरचे दोन चांगले होते का? मला मरायची भीती वाटत होती, हे आहेच. पण त्या क्षणी त्याहून जास्त भीती वाटली ती बाईंच्या त्या वाक्याची. तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार. माझ्या शब्दावर त्यांनी एका बाईची तीन वर्षं लिहून दिली.

"जाळीतून नाही गेले बाई," मी म्हटलं. "मी कापले. खटका जाडवर राहिला."

बाईंनी पेन थांबवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसत्या म्हणाल्या, "तुम्ही?" मग लिहिलेलं खोडलं. "मग हिला तीन वर्षं नाही थांबता येणार. आठवड्यात पुन्हा बोलवायला हवी, निदान सहा तुकडे घेऊन." त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. हीही आमच्याकडची रीत, बाईंनीच घातलेली: ज्याच्या हातून नमुना गेला त्यानंच रोग्याला कळवायचं, स्वतःच्या तोंडानं, चूक आमची होती म्हणून. मी आजवर कधी केला नव्हता तो फोन. इतरांना करायला लावले होते. बाईंनी फॉर्मवरचा नंबर स्वतःच फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. तेव्हा मला आठवलं, नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईनं विचारलं होतं, दिवसा कुणी उचलेल असा नंबर द्या. आमचे मोबाइल कपाटात बंद असतात. मी घरचा दिला होता, सवयीनं, कारण अहवाल तर मीच घेणार होते आणि फोन फक्त नमुना खराब झाला तरच जातो, आणि माझ्या यंत्रावर नमुना खराब होत नाही.

चौथ्या घंटेला उचलला. "हॅलो, कोण?" मागे कुकरची शिट्टी झाली.

बाई माझ्याकडे बघत होत्या. "मी बोलतेय," म्हटलं.

"तू? अगं, या वेळी? काय झालं?"

"अहो, मी..." आणि मग एकदम सगळं सुटलं, बाई समोर आहेत, दार उघडं आहे, कशाचं भान राहिलं नाही. "मी दुर्बीण घालून घेतली, तुम्हाला न सांगता. तीन तुकडे काढले होते. त्यातले दोन माझ्याच हातून कापले गेले हो, काय निघालं असतं कळायचं नाही आता. पुन्हा घालावी लागणार. घास अडकतो माझा. दोन महिने झाले. छातीत अडकतो, खाली जात नाही." बाई खुर्चीवरून अर्धवट उठल्या होत्या, फॉर्म हातात, एकदा त्यावरचं नाव बघत होत्या, एकदा मला.

पलीकडून गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि स्टूल ओढल्याचा.

"ठाऊक आहे मला," हे म्हणाले. "दोन महिने तुझी भाजी चाळणीतून काढतोय, ते काय उगीच? तू म्हणायचीस, आज छान मऊ झालीय." मग अगदी हळू, "कधी जायचंय ते सांग. मी येतो बरोबर."